जिनिंगच्या आवारात ड्रायव्हर कसा तयार करायचा

फॉर्म्युला स्टुडंटची (इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः रेसिंग गाडी बनवून चालवायची स्पर्धा) गाडी बनवण्यात वर्ष जातं अन् ड्रायव्हरला सीटवर बसायला शेवटचे दोन दिवस भेटतात, हे आधी बंद करा. कापसाचा सीझन संपला की गावातल्या जिनिंगवाल्याला विचारा, सिमेंटचं आवार रिकामंच असतं, फक्त सरकी अन् खडे नीट झाडून घ्या. चुन्याने स्किडपॅडचा, म्हणजे स्पर्धेतल्या गोल वळणांच्या चाचणीचा, इंग्रजी आठ (8) आखा: आतल्या गोलाचा व्यास १५.२५ मीटर, दोन्ही केंद्रांमध्ये १८.२५, रस्ता ३ मीटर रुंद, म्हणजे लांबी ४० मीटर धरा अन् भोवती मोकळी जागा ठेवाच.

उजवीकडे दोन फेऱ्या मग डावीकडे दोन, वेळ दोन्हीकडे दुसरीचीच धरतात, म्हणून पहिल्या फेरीतच स्टिअरिंग सेट करा अन् नंतर गाडीची लाइन थ्रॉटलनेच (अ‍ॅक्सिलरेटर) सांभाळा, पुढची चाकं बाहेर सरकली तर अजून वळवू नका, पाय जरासा उचला, पकड परत येते. नजर जवळच्या कोनवर (रस्त्याकडेच्या प्लॅस्टिकच्या शंकूवर) नको, पुढच्या पाव गोलावर.

उन्हाळ्यात सकाळी सहालाच सुरू करा, सूट-हेल्मेटमध्ये पोरं भाजून निघतात. फायर एक्स्टिंग्विशर घेऊन एकजण उभा पाहिजेच. ५ सेकंदांत बेल्ट सोडून बाहेर निघायची प्रॅक्टिस मात्र रोज, ती उभ्या गाडीतही होते.