कुत्र्याची तक्रार, संशय मुलाबद्दल: कॅलिफोर्नियात कोणी, कुठे, कधी कळवायचं

उपाशी बांधलेल्या कुत्र्याची तक्रार आली, अधिकारी घरी पोचला आणि तिथल्या मुलाच्या पाठीवर वळ दिसले. कॅलिफोर्नियात अशा वेळी ‘हे आमच्या खात्याचं काम नाही’ म्हणून निघून येता येत नाही. मुलाच्या छळाची खबर देणं ज्यांना बंधनकारक आहे, त्यांच्या यादीत प्राणी नियंत्रण अधिकारीही आहेत. उलट दिशेला कायदा बराच सैल आहे: बालसंरक्षण कर्मचाऱ्याला प्राण्याचा छळ दिसला तर तो कळवू शकतो, सक्ती नाही. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा कायदा आधी वाचा.

खात्री होईपर्यंत थांबू नका. कायद्याला वाजवी संशय पुरतो. तपास करणं तुमचं काम नाही. पोलीस, शेरीफ किंवा काउंटीचं बालकल्याण खातं यांपैकी एकाला लगेच फोन करा आणि 36 तासांत बीसीआयए 8572 (आधीचं नाव एसएस 8572) या फॉर्मवर लेखी अहवाल द्या. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो: साहेबांच्या कानावर घातलं की सुटलो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दोघांनी मिळून पाहिलं असेल तर एकाने कळवलेलं चालतं, पण त्याने कळवलं नाही असं समजलं तर दुसऱ्याला कळवावंच लागतं. टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. कळवणाऱ्याचं नाव गोपनीय राहतं.

अहवालात निष्कर्ष नको, जे दिसलं ते लिहा. ‘बाप मारकुटा आहे’ याला किंमत नाही. ‘डाव्या दंडावर चार गोल, निळसर डाग, बापाने हात उचलताच मूल मागे सरकलं’ याला आहे. मुलाचं अंदाजे वय, पत्ता, घरातली इतर मुलं, त्या वेळी हजर असलेली माणसं, मूल बोललं तर त्याचेच शब्द. त्याला खोदून विचारू नका आणि कपडे काढून तपासू तर मुळीच नका. तुमच्याच प्रश्नांनी उत्तर घडलं, तर पुढची चौकशी लंगडी पडते.

बालसंरक्षण कर्मचाऱ्याने पाण्याचं भांडं, साखळीची लांबी, मांसात रुतलेला पट्टा, उघड्या जखमा पाहाव्यात. हाडं दिसणारा कुत्रा आजारीही असू शकतो, म्हणून ‘उपाशी ठेवला’ न लिहिता ‘फासळ्या मोजता येतात, भांडं कोरडं’ असं लिहावं. एक प्रश्न जरूर विचारावा: आधीचे पाळीव प्राणी कुठे गेले? न्यू जर्सीत 1983 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालछळ सिद्ध झालेली 53 कुटुंबं पाहिली, तेव्हा 60 टक्के घरांत प्राण्यांचाही छळ आढळला होता. शिवाय ‘बोललास तर मांजर मारीन’ अशी धमकी देऊनही मुलाला गप्प केलं जातं. ती कानावर आली तर दोन्ही अहवालांत शब्दशः उतरवावी. प्राण्याचा जीव धोक्यात असेल तर कागद नंतर, फोन आधी.