एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे पहिले सत्र : मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विभागाने काय करावे

सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या गावातून निघून ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला येणारा विद्यार्थी पुष्कळदा घरातला पहिलाच पदवीधर असतो. अशांपैकी अनेक जण ज्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांतून येतात, त्यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश २००३ साली झाला. राखीव जागेमुळे प्रवेश मिळतो, परंतु पुढे टिकण्याची व्यवस्था विभागालाच करावी लागते, आणि तीही पहिल्या सत्रातच.

पहिल्या आठवड्यात सदिश कलन, मॅट्रिक्स आणि अवकल समीकरणे एवढ्यांवरच, गुण न धरता, सर्वांची चाचणी घ्यावी. लॅग्रांजियनपाशी (यामिकीतील गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा ही राशी) अडलेल्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा गणिताची असते : स्थान आणि वेग यांना परस्परांपासून स्वतंत्र चले मानून पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकीची चले स्थिर धरून एकाच चलाचे अवकलन) का घ्यायचे, हे त्याला कोणी थांबून सांगितलेले नसते. ते उमगले नाही, तर हॅमिल्टोनियन (बहुधा एकूण ऊर्जा दर्शवणारी राशी) आणि त्यामागून येणारे क्वांटम मेकॅनिक्सही पाठांतरावर जाते. म्हणून आठवड्यातून दोन तास केवळ उदाहरणे सोडवण्यासाठी ठेवावेत. हे तास सर्वांसाठी असावेत. ‘कच्च्यांचा वर्ग’ असा शिक्का बसला की ज्याला खरी गरज आहे तोच येणे टाळतो. ते दुपारीच घ्यावेत, कारण संध्याकाळची शेवटची बस चुकली तर गाव गाठता येत नाही.

प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून झालेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान समजते, पण शंका विचारताना वाक्य जुळत नाही आणि तो गप्प राहतो. या तासांत चर्चा मराठी-कोकणीतून होऊ द्यावी, उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घ्यावे. ही सवलत नसून चांगले अध्यापन आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत लागतो; त्या कामासाठी कार्यालयातील एक व्यक्ती नेमून द्यावी.

संशोधनाची वाट याच वर्षी दाखवावी. नेट, गेट, जेस्ट या संशोधनाकडे नेणाऱ्या परीक्षा आणि विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप यांची नावेही ज्याच्या घरी कोणी घेतलेली नाहीत, त्याला जाहिरात फलकावर लावून भागत नाही. जेआरएफ (पीएच.डी. करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हे पालकांनाही सांगावे; पीएच.डी. म्हणजे कमाईविना वर्षे, या समजापायी अनेक मुली घरी थांबवल्या जातात. शिफारसपत्र विद्यार्थ्याने मागण्याची वाट न पाहता शिक्षकानेच विचारावे : अर्ज कुठे करतोस, पत्र कधीपर्यंत हवे?