गेमिंग लॅपटॉप घेताना आधी वॅट विचारा

पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात गेमिंग लॅपटॉप पाहायला गेलात की आधी ग्राफिक्स कार्डचं नाव सांगतात. नुसत्या नावावर जाऊ नका, त्या कार्डाला किती वॅट (म्हणजे किती वीज) मिळतात ते विचारा. आरटीएक्स ४०६० हेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालू शकतं, दुसऱ्यात ११५ वॅटवर. स्टिकर दोन्हींवर एकच! पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये बहुधा कमी वॅट असतात, आणि जड गेम लावला की तो अडखळायला लागतो. हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर, मॉडेलच्या तपशिलात ‘टीजीपी’ (टोटल ग्राफिक्स पॉवर) म्हणून दिलेला असतो. कुठेच सापडला नाही, तर ते मॉडेल सोडा, असं मी तरी सांगेन.

रॅम १६ जीबी, तीही शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्यांत. गेम साठवायची ५१२ जीबीची एसएसडी चार-पाच मोठ्या गेममध्ये भरते, म्हणून आणखी एक एसएसडी बसवायला दुसरा स्लॉट आहे ना, ते बघा.

आपल्याकडची हवा दमट, किनाऱ्यालगत खारीसुद्धा. हवा खेळायच्या जाळ्या मोठ्या हव्यात आणि खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं हवं, म्हणजे पंख्यातली धूळ काढता येते. पावसाळ्यात वीज गेल्यावर बॅटरीवर गेम चालेल, पण वेग बराच उतरेल. त्यामुळे मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे घालू नका. सर्व्हिस सेंटर गोव्यातच आहे की मशीन बाहेर पाठवावं लागतं, हे बिल करण्याआधी विचारून घ्या.