कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतील वर्णरेषांचे ध्रुवीकरण : या चुका टाळा

कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते; त्यामुळे वर्णरेषेचा (म्हणजे मूलद्रव्याने ठरावीक ऊर्जेला दिलेल्या प्रकाशाचा) निळा भाग एका बाजूकडून, तर तांबडा भाग दुसरीकडून मिळतो. या भागांच्या प्रकाशाची ध्रुवीकरणदिशा (प्रकाशलहरी ज्या दिशेने प्रामुख्याने कंप पावतात ती दिशा) सारखीच असेल असे नाही, आणि विश्लेषणातील बहुतेक चुका या दिशेकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे ध्रुवीकरणाचे प्रमाण आणि कोन यांची थेट सरासरी काढणे. १७९ अंश आणि १ अंश या दिशांमध्ये केवळ २ अंशांचे अंतर आहे, कारण हा कोन दर १८० अंशांनी पुन्हा तोच येतो. साधी सरासरी मात्र ९० अंश, म्हणजे नेमकी काटकोनातली दिशा दाखवते. तसेच सारख्याच तीव्रतेचे, प्रत्येकी ४ टक्के ध्रुवित असलेले पण परस्परांना काटकोनात असणारे दोन भाग एकत्र आले, तर एकूण ध्रुवीकरण शून्य होते. म्हणून क्यू आणि यू या, ध्रुवीकरणाचे प्रमाण व दिशा मिळून सांगणाऱ्या, स्टोक्स राशींची आधी बेरीज करावी व प्रमाण अगदी शेवटी काढावे. हे प्रमाण वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असल्याने कधीच ऋण येत नाही, त्यामुळे फिकट स्रोतात निव्वळ गोंगाटही ध्रुवीकरण म्हणून खपून जातो.

रेषेच्या ऊर्जेला मिळणारा एकूण प्रकाश म्हणजेच रेषा, असे समजणेही चुकीचे आहे. लोहाची ६.४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची प्रतिदीप्त (क्ष-किरण शोषून अणूने पुन्हा सोडलेली) रेषा उत्सर्जनाच्या वेळी अध्रुवित असते. त्यामुळे त्या ऊर्जेपाशी ध्रुवीकरण घटलेले दिसले, तर तबकडीची रचना बदलली असे म्हणण्याआधी अखंड वर्णपटाचे (रेषेखालच्या सलग प्रकाशाचे) क्यू आणि यू वजा करून पाहावेत. खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी काढलेली ११.७ टक्क्यांची कमाल मर्यादाही रेषेला लावू नये, कारण ती कडेने पाहिलेल्या, केवळ इलेक्ट्रॉनांकडून प्रकीर्णन (प्रकाश विखुरणे) होणाऱ्या वातावरणाच्या प्रकाशासाठी आहे. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आयएक्सपीई या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजणाऱ्या दुर्बिणीची ऊर्जा-विभेदनक्षमता (जवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची मर्यादा) या भागात सुमारे १ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. तिच्या नोंदींतून रेषेच्या आकारानुसार बदलणारा कोन वाचण्याचा मोह आवरावा.

दृश्य प्रकाशातील हायड्रोजनच्या रुंद रेषांमध्ये मात्र कोनाचा असा झोल, म्हणजे रेषेच्या निळ्या भागाकडून तांबड्याकडे जाताना कोनाचे बदलणे, खरोखर दिसतो. तो गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मानण्याची घाई होते. प्रत्यक्षात हा वायू कृष्णविवरापासून इतका दूर असतो की तेथे प्रकाशाची ध्रुवीकरणदिशा गुरुत्वाने फारशी वळत नाही. भोवतालच्या विषुववृत्तीय प्रकीर्णक कड्याला तबकडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिशांनी दिसतात, हे तिथले खरे कारण आहे. संपूर्ण रेषेची सरासरी घेतली की नेमकी हीच माहिती पुसली जाते. आंतरतारकीय धुळीचे ध्रुवीकरण आधी वजा केले नसेल, तर झोलाचा आकारही बिघडतो.

संगणकीय प्रारूपासाठी माझी पहिली चाचणी सोपी आहे : अक्षाभोवती सममित तबकडी बरोबर वरून पाहिली, तर प्रत्येक ऊर्जेला एकूण क्यू आणि यू शून्य यायला हवेत. तसे न आल्यास स्थानिक अक्ष निरीक्षकाच्या अक्षांशी जुळवताना काहीतरी निसटलेले असते. परंतु वळणाच्या सूत्रात कोनाची दुप्पट घ्यायची राहिली, तर ही चाचणी ती चूक पकडत नाही, कारण पूर्ण वर्तुळावर तेव्हाही बेरीज शून्यच येते. त्यासाठी निरीक्षकाची चौकट ९० अंशांनी फिरवावी. क्यू आणि यू या दोन्हींचे केवळ चिन्ह बदलले पाहिजे, त्यांची अदलाबदल होता कामा नये.