मिरचीचं झाड थंडीत मरू देऊ नका, घरात घ्या

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडची आपली मंडळी दर वर्षी मे महिन्यात मिरचीची नवी रोपं लावतात, ऑगस्टात कुठे झाड भरात येतं आणि ऑक्टोबरात पहिलं फ्रॉस्ट पडलं की एका रात्रीत काळं पडून खलास. मिरची खरं तर एका हंगामाची नाहीच, कोकणात परसातली लवंगी दोन-तीन वर्षं सहज मिरच्या देते, म्हणून म्हणते की झाड वाचवा.

सगळी नाही वाचवायची हां. भूत जोलकिया, हाबानेरो यांना बी पेरल्यापासून फळ पिकेपर्यंत पाच-सहा महिने जातात, त्यांना आधी जागा द्या. साधी हिरवी मिरची बियांपासून लवकर येते, तिचा मोह सोडा. आणि बोकड्या (पानं आखडून जाण्याचा रोग) आलेलं झाड तर अजिबात आत आणू नका.

रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सियसच्या खाली जायला लागलं की कामाला लागा. असतील तेवढ्या मिरच्या तोडून घ्या, हिरव्यांचा ठेचा करा, मग मुख्य खोड आणि दोन-तीन फांद्यांचे वीतभर खुंट ठेवून बाकी सगळं छाटा, पानंसुद्धा. बोडकं झाड बघून वाईट वाटतं पण हात आखडता घेऊ नका, कारण पानामागे मावा ही बारीक कीड लपून घरात येते आणि तिला खाणारे लेडीबग बाहेरच राहतात, मग ती नुसती फोफावते. मुळांची जुनी माती धुऊन टाका, मुळं कडेने थोडी कापा आणि सहा-आठ इंची कुंडीत नवीन पॉटिंग मिक्समध्ये लावा, खोडावर साबणाच्या पाण्यात कालवलेलं निंबोळी तेल फवारा.

कुंडी बेसमेंटच्या खिडकीपाशी ठेवा, ५५ फॅरनहाइटच्या आसपास असेल तर उत्तम, हीटरच्या झोतात मात्र नको, कोरड्या उबेत लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड येते. आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. घरात आणलेली झाडं बहुतेक वेळा थंडीने नाही, जास्त पाण्याने जातात, मुळं कुजतात. पानं नाहीत तर झाड पाणी पिणार किती? बोट दोन इंच खुपसून बघा, कोरडं लागलं तरच अर्धा कप घाला. खत बिलकुल नाही. मेलंय का अशी शंका आली तर नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं की जिवंत आहे.

फेब्रुवारी संपता संपता उबेत, ग्रो लाइटखाली (झाडं वाढवायच्या दिव्याखाली) आणा, पाणी हळूहळू वाढवा, कोंब फुटले की पातळ खत द्या. मे महिन्यात रात्री ५५च्या वर राहायला लागल्या की आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर, आधी सावलीत, एकदम उन्हात ठेवलं तर पानं भाजतात. दुसऱ्या वर्षी फुलं लवकर येतात आणि मिरच्या इतक्या लगडतात की फांद्या मोडतात, तेव्हा काठीचा आधार आधीच बांधून ठेवा.