डेल्टॉइड दंडाच्या हाडाला कोठे चिकटतो, हे बोटांनी कसे शोधावे

खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड हा स्नायू वर रुंद आणि खाली निमुळता असतो. गळ्याच्या हाडाचा बाहेरचा भाग, खांद्याचे टोक आणि फऱ्यावरची आडवी कड येथून निघालेले त्याचे तंतू दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, साधारण मध्यावर, एका खडबडीत उंचवट्यावर एकवटून चिकटतात. फोंड्यातील माझ्या दवाखान्यात फिजिओथेरपी शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी आकृती दाखवत नाही, कारण आकृतीतला दंड सपाट असतो आणि माणसाचा गोल.

समोरच्याला स्टुलावर बसवून कोपर काटकोनात वाकवायला सांगावे. आपला तळवा त्याच्या कोपराला बाहेरून टेकवावा आणि त्या तळव्याविरुद्ध कोपर बाहेर रेटायला सांगावे. डेल्टॉइड लगेच घट्ट होतो. आता दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट त्याच्या पुढच्या व मागच्या कडांवर ठेवून हळूहळू खाली सरकवावीत. दोन्ही बोटे जवळ येत येत जेथे एकमेकांना भेटतात, तेथे स्नायू संपून हाडाचा कठीण खडबडीतपणा लागतो. हीच ती जागा. खांद्याच्या टोकापासून कोपराच्या बाहेरच्या हाडापर्यंत टेप धरला, तर ती मध्याच्या आसपास येते.

नवशिक्याचे बोट बहुधा पुढे घसरते. अशा वेळी कोपर आणखी वाकवायला सांगावे: बोटाखालचे मांस फुगले, तर आपण दंडाच्या पुढच्या स्नायूवर, म्हणजे बायसेप्सवर आहोत. कोपर सरळ करताना ते घट्ट झाले, तर मागच्या स्नायूवर, म्हणजे ट्रायसेप्सवर. उंचवट्याच्या मागून रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) हाडाला लगटून खाली उतरते, त्यामुळे मागच्या बाजूला अंगठा रुतवू नये. हाताच्या पाठीवर अंगठ्याकडे मुंग्या आल्या, तर दाब तत्काळ सोडावा.

ही जागा अचूक सापडणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण खांद्याचे दुखणे पुष्कळदा येथेच जाणवते. माडावर चढणारे एक पाडेली माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा अंगठा नेमका या उंचवट्यावर होता आणि रोज तेल चोळून तेवढी कातडी चकाकत होती. मी तेथे दाबले, तर त्यांना काहीच वाटले नाही. मात्र हात बाजूने वर नेताना तो खांद्याच्या पातळीला येण्याआधीच त्यांनी ओठ आवळले. दुखण्याचे मूळ खांद्याच्या टोकाखालून जाणाऱ्या सुप्रास्पायनेटस स्नायूच्या कंडरेत, म्हणजे त्याला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यात होते, जी दंडाच्या हाडाच्या अगदी वरच्या उंचवट्याला चिकटते. म्हणून रुग्ण दंडाच्या मध्यावर बोट ठेवतो, तेव्हा आधी ती जागा दाबून पाहावी, आणि ती दुखत नसेल तर खांद्याची तपासणी केल्याशिवाय चोळण्याचा सल्ला देऊ नये.

लस टोचणाऱ्यांनीही हा उंचवटा ओळखावा. सुई खांद्याच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली, स्नायूच्या जाड भागात द्यायची असते; उंचवट्यापाशी मांस उरत नाही आणि रेडियल नसही जवळ येते.