सोनं लुटायचं तर आपटा लावा

दसरा जवळ आला की कोल्हापुरात महाद्वार रोडला सोन्याच्या जुड्या विकायला येतात. पैसे देण्याआधी एक पान हातात घेऊन बघा. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि मागच्या बाजूला करडी लव. तळहाताएवढं, पातळ पान दिसलं तर तो कांचन. कांचन देखणा आहे, त्याची गुलाबी-जांभळी फुलं मलाही आवडतात. पण रघुराजाच्या दारी कौत्स १४ कोटी सुवर्णमुद्रा मागायला गेला, त्या कथेतलं आपल्याकडचं झाड आपटाच.

दसरा चौकात अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि सोनं लुटायला झुंबड उडते. तो क्षण चुकवू नये असाच. जीव तुटतो तो नंतर, पायदळी पडलेल्या अख्ख्या फांद्या बघून. आपटा उन्हाळ्यात फुलतो, त्यामुळं आश्विनात फांदीवर कोवळ्या शेंगा असतात. फांदी तोडली की पुढचं बीही गेलं. म्हणून पानं एकेक खुडा, माणशी एक पुरतं.

रोप घरी करता येतं. थंडी सरताना काळपट, फुगीर शेंगा झाडावरच लटकलेल्या सापडतात. कांचनाची चपटी शेंग वाळली की तडकून बी उधळते, आपट्याची तशी उकलत नाही. बत्त्यानं हलकेच ठेचून बी काढायचं. कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, जरा निवलं की त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी तेवढं घ्यायचं. माती, मुरूम आणि शेणखत भरलेल्या खोल पिशवीत ते पेराभर खाली पेरा. मूळ सरळ खाली जातं, उथळ कुंडीत कोंडू नका.

वळवाच्या सुमाराला पेरलेलं रोप पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं मुरूम मिसळून उंचवट्यावर लावलेलं बरं. वाढ सावकाश आहे, घाई करून चालत नाही. अंगण नसेल तर मळ्याचा बांध चालतो, झाड ठेंगणंच राहतं. फक्त शेळ्यांना हा पाला फार आवडतो, तेव्हा सुरुवातीची दोन-तीन वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच.